नाकाला सवय होते

छोट्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं, की काढलेला अवयव तपासणीला पोचवायचं काम बहुतेक वेळा नातेवाइकांच्या गळ्यात पडतं. सिस्टर एक बाटली हातात देतात, तिला डॉक्टरांची चिठ्ठी रबरबँडनं गुंडाळलेली असते, आणि सांगतात, ‘जे. पी. नगरला लॅब आहे, तिथं देऊन या.’ मग तो मुलगा, जावई किंवा दीर बन्नेरघट्टा रोडच्या गर्दीतून ऑटोनं येतो. बाटली कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. त्याच पिशवीत पेशंटचा रिकामा डबा, औषधांची बिलं, उरलेला बिस्किटांचा पुडा. बाटली म्हणून काय वाटेल ते चालतं. लोणच्याची बरणी येते, सलाइनची बाटली येते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिण्याच्या पाण्याची लिटरची बाटली येते. आतलं द्रव पाण्यासारखंच स्वच्छ, बिनरंगाचं. ते फॉर्मलिन असतं.

या बाटल्या माझ्या टेबलावर येतात. मी मूळची निपाणीची. बेळगावात शिकले आणि नोकरीसाठी बेंगळुरूला आले ती इथलीच झाले. जे. पी. नगरमधल्या एका लॅबच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात मी तंत्रज्ञ आहे. आमच्या विभागाला रक्त-लघवीशी काही देणंघेणं नाही. शरीरातून काढलेला तुकडा घ्यायचा, तो कापून कॅसेटमध्ये ठेवायचा, मेणाचा ब्लॉक करायचा, त्याचे केसाहून पातळ काप काचेवर घ्यायचे आणि रंगवून पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या मायक्रोस्कोपखाली द्यायचे. या सगळ्याच्या आधी तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरावा लागतो. त्याशिवाय तो सडतो, आणि सडलेल्या तुकड्यावर कुणाचंच निदान होत नाही.

एकदा एक गृहस्थ आले. पिशवीत एकाच कंपनीच्या दोन बाटल्या. एकीत त्यांच्या पत्नीचं गर्भाशय, दुसरी त्यांची स्वतःची, प्यायची. काउंटरवरच्या मुलीनं हात पुढे केला तेव्हा त्यांना क्षणभर दोन्हींकडे बघावं लागलं. काही झालं नाही, पण मी तिथं उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला. मूळ, घट्ट फॉर्मलिनचे तीसेक मिलिलिटर पोटात गेले तर मोठा माणूस दगावू शकतो, अशी नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बाटलीतलं पातळ केलेलं असतं हे खरं, पण तेही घसा आणि जठर भाजून काढायला पुरेसं आहे.

पाण्याच्या बाटलीचा दुसरा उपद्रव आम्हालाच होतो. गर्भाशय काढल्यावर मऊ असतं, दाबून-चेपून अरुंद तोंडातून आत जातं. रात्रभरात ते घट्ट होतं आणि मग काही केल्या बाहेर येत नाही. चिमट्यानं ओढलं तर फाटणार, आणि फाटलं तर नेमका जो कडेचा भाग मॅडमना बघायचा असतो तोच जाणार. मग बाटली सिंकमध्ये आडवी धरायची, आतलं फॉर्मलिन हळूहळू दुसऱ्या भांड्यात काढायचं, आणि प्लास्टिक ब्लेडनं गोल कापायचं. प्लास्टिक कापताना बाटली उडते, थेंब उडतात. चष्मा लावूनच हे करायचं, आणि आपला रोजचा चष्मा नव्हे, कडेनंही बंद असलेला. नर्सिंग होमवाल्यांना आम्ही कितीदा सांगतो: रुंद तोंडाची बरणी, तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन, आणि नाव झाकणावर नव्हे, बरणीच्या अंगावर. कारण झाकणं अदलाबदल होतात. सांगतो तेवढे दिवस ऐकतात, मग सिस्टर बदलतात.

फॉर्मलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू पाण्यात विरघळवलेला. दुकानातून येतं ते साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं असतं, आणि त्याचा गोळा होऊ नये म्हणून त्यात थोडं मिथेनॉल घातलेलं असतं. आम्ही त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतो आणि त्याला ‘दहा टक्के फॉर्मलिन’ म्हणतो. म्हणजे खरा वायू त्यात चारेक टक्केच. हा हिशोब नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हमखास चकवतो. कुणी चाळीस टक्क्यांवरून दहा टक्के करायला तिप्पट पाणी घालतं, कुणाला वाटतं की जेवढं कडक तेवढं चांगलं. नर्सिंग होममध्ये तर सरळ कॅनमधूनच ओततात. कडक फॉर्मलिनमध्ये तुकड्याची बाहेरची साल एकदम आवळते आणि आतला भाग कच्चा राहतो. नाक-डोळ्यांचे हाल होतात ते वेगळेच.

नुसतं पाणी घालून भागत नाही. एक लिटरला १०० मिलिलिटर फॉर्मलिन, ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साडेसहा ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ही फॉस्फेटं द्रव आंबट होऊ देत नाहीत. फॉर्मलिन ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि आंबट फॉर्मलिनमध्ये रक्ताळलेला तुकडा ठेवला तर पेशींवर तपकिरी-काळे कण बसतात. मायक्रोस्कोपखाली ते मलेरियाच्या कणांसारखे दिसतात. चार ग्रॅम पावडरीचा आळस आणि प्लीहेच्या काचेवर मलेरियाची शंका! अशी काच आली की मॅडम काही बोलत नाहीत, फक्त काच परत पाठवतात. ते जास्त लागतं.

डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटे गार असतात. तेव्हा मूळ कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. तो पॅराफॉर्माल्डिहाइड. विरघळलेल्या वायूची साखळी होऊन घनरूप झालेला. अशा कॅनचं प्रमाण बिघडलेलं असतं, कारण फॉर्माल्डिहाइडचा काही भाग तळाशी गेलेला असतो. गाळ विरघळावा म्हणून कॅन गरम पाण्यात ठेवायची कल्पना दर हिवाळ्यात कुणाला तरी सुचते आणि दर हिवाळ्यात मी तिला नाही म्हणते. गरम झालं की वायू सुटतो. थंडीत कॅन जमिनीवर न ठेवता आतल्या खोलीत फळीवर ठेवायचा, एवढंच पुरतं.

हे रसायन मांस टिकवतं हे कळलं कसं, ते मला फार आवडतं. फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचा डॉक्टर फॉर्माल्डिहाइड जंतुनाशक म्हणून कितपत चालतं ते तपासत होता. काम करताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्या बोटांची कातडी कडक झाली आहे, अगदी अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्यांसारखी. त्यावरून त्यानं मुद्दाम तुकडे त्यात ठेवून पाहिले आणि १८९३ साली ते छापलं. तेव्हापासून जगभरच्या लॅबमध्ये तुकडे फॉर्मलिनमध्ये जातात. म्हणजे या पद्धतीचा पहिला नमुना होता तो जिवंत माणसाच्या बोटाचा. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या दोन टोकांमध्ये पूल बांधतं. पूल बांधले की प्रथिनं जागच्या जागी गोठतात, ती कुजत नाहीत, विरघळत नाहीत. बरणीतल्या तुकड्यात हे घडावं म्हणून आपण ते वापरतो. पण प्रथिन मेलेलं आहे की जिवंत, हे त्याला कळत नाही. नाकाच्या आतलं अस्तर, डोळ्यांवरचं पातळ कवच, बोटांची कातडी, सगळं त्याला सारखंच.

पूल बांधायला वेळ लागतो. फॉर्मलिन तुकड्यात ताशी साधारण एक मिलिमीटर शिरतं, पुढे पुढे आणखी हळू. म्हणून मोठा अवयव आला की आम्ही तो भाकरी मोडावी तसा उघडून, काप देऊन पुन्हा ताज्या फॉर्मलिनमध्ये ठेवतो. आणि म्हणून ‘उद्या रिपोर्ट मिळेल का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच असतं. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत तर नियमच आहे, फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास. त्याहून कमी-जास्त झालं तर हार्मोनच्या ज्या तपासण्यांवर पुढची औषधं ठरतात त्या फसतात. शनिवारी दुपारी आलेली गाठ, रविवारची सुट्टी आणि सोमवारी सण असा योग आला की आमच्यापैकी एकीला यावंच लागतं.

सगळ्यात हळू मुरतो तो मेंदू. तो काढल्यावर इतका मऊ असतो की भांड्याच्या तळाशी ठेवला तर स्वतःच्या वजनानं चपटा होतो. म्हणून तळाच्या बाजूच्या मुख्य धमनीखालून दोरा ओवून तो फॉर्मलिनच्या बादलीत उलटा टांगतात आणि आठवडेच्या आठवडे तसाच ठेवतात. आमच्याकडे मेंदू येत नाहीत. पण होसूर रोडवरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत मेंदूंचं संग्रहालय आहे आणि १९९५ पासून मेंदूंची बँकही. तिथं भेट देणाऱ्यांना खरा मेंदू हातमोजे घालून हातात घेता येतो. गावाकडचे पाहुणे आले की मी त्यांना लालबागेनंतर तिथं नेते. माझ्या भाच्यानं मेंदू हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलला ते, ‘मावशी, तुझ्या ओढणीला हाच वास येतो.’

हा वास मला येत नाही. निपाणीत ज्यांचं घर तंबाखूच्या वखारीला लागून असतं त्यांना खकाणा जाणवत नाही. पाहुणा मात्र उंबऱ्यातच शिंकायला लागतो. फॉर्मलिनचं तसंच आहे. पहिले काही दिवस डोळे चुरचुरतात, घशात टोचतं, संध्याकाळी डोकं धरतं. मग एक दिवस हे सगळं थांबतं आणि मुलगी म्हणते, ‘आता मला काही होत नाही.’ मला या वाक्याची भीती वाटते. हवेतलं फॉर्माल्डिहाइड कमी झालेलं नसतं, फक्त नाकानं कळवायचं बंद केलेलं असतं. आमच्या क्षेत्रात जुनी माणसं हे अभिमानानं सांगत. ‘आम्ही उघड्या हातांनी ग्रॉसिंग करत होतो,’ म्हणजे अवयव कापत होतो, असं म्हणणारे एक सर मला शिकवायला होते. ते सांगताना सारखे नाक पुसायचे.

नाकावर विसंबून चालत नाही म्हणून मग आकडे लागतात. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात आठ तासांच्या कामाला सरासरी ०.७५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांपुरती २ पीपीएम ही मर्यादा आहे. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग. त्यांचीच एक संशोधन संस्था म्हणते की पंधरा मिनिटांतसुद्धा ०.१ च्या वर जाऊ नये. एकाच देशात दोन आकडे आणि त्यांत एवढं अंतर. कारण एक आकडा कारखाने चालवायला परवडेल असा आहे आणि दुसरा फुप्फुसांना परवडेल असा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, ते नाकामागच्या घशाच्या कर्करोगामुळे. २००९ साली त्यात रक्ताच्या कर्करोगाचीही भर पडली. या यादीत नाव असणं म्हणजे प्रत्येक तंत्रज्ञाला कर्करोग होणार असं नव्हे. पण ‘वास येतो, बाकी काही नाही’ हे म्हणणं तेव्हाच संपायला हवं होतं. अनेक लॅबमध्ये ते संपलेलं नाही.

आमची लॅब म्हणजे एक जुनं घर. जे. पी. नगरच्या आतल्या क्रॉस रोडवर अशी पुष्कळ घरं आहेत, खाली क्लिनिक किंवा ऑफिस, वर मालक. पूर्वी ग्रॉसिंगची खोली म्हणजे त्या घराचं स्वयंपाकघर होतं. ओटा होता, सिंक होतं, वर पंखा होता. फॉर्मलिनच्या खोलीत पंख्याइतका वाईट शेजारी नाही: वायू टेबलावरून उचलतो आणि सरळ तोंडावर आणून सोडतो. एसी त्याहून फसवा, तीच हवा गार करून पुन्हा देतो आणि गार हवेत वास कमी जाणवतो. शेवटी खिडकीत मोठा एक्झॉस्ट बसवला. आम्हाला बरं वाटलं, पण पंधरवड्यात शेजारच्या अज्जी दारात. त्यांच्या मागच्या व्हरांड्यात बसून त्या रोज सकाळी फुलं ओवतात आणि एक्झॉस्टचं तोंड नेमकं तिकडेच होतं. ‘तुमच्याकडे रोज कांदा चिरतात का?’ त्यांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांनी जे पकडलं ते आमच्या कुणाच्याच नाकानं पकडलं नव्हतं. मग नळी छतापर्यंत नेली. पुढे खाली हवा ओढणारं टेबल आलं: स्टीलच्या जाळीवर तुकडा ठेवायचा आणि हवा जाळीतून खाली, तोंडापासून दूर जाते. ते महाग आहे. व्यवस्थापनाला पटवायला वेळ लागला, आणि पटलं ते माझ्या म्हणण्यानं नव्हे, अज्जींच्या मुलानं तक्रारीची भाषा केल्यावर.

टेबल आल्यावर बाहेरच्या लोकांना बोलावून हवा मोजून घेतली. आम्हाला वाटलं होतं, तुकडा कापताना आकडा वर जाईल. तो गेला जुन्या बरण्या रिकाम्या करताना. रिपोर्ट झाल्यावर उरलेला अवयव काही आठवडे जपून ठेवतो, मग एके दिवशी एकदम निकालात काढतो. त्या दिवशी एकामागून एक झाकणं उघडतात, फॉर्मलिन एका मोठ्या कॅनमध्ये ओततात, आणि हे काम करते ती आमची हाउसकीपिंगची अक्का. तिला टेबल नाही, हातमोजे घरकामाचे, तोंडावर सर्जिकल मास्क. मास्कनं वायू अडत नाही. कोविडनंतर उरलेल्या एन-९५ चाही काही उपयोग नाही. ते धुळीसाठी आहेत, वायूसाठी नाहीत. वायूसाठी फॉर्माल्डिहाइडचं कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर लागतो आणि कार्ट्रिज ठरावीक काळानं बदलावं लागतं. सगळ्यात जास्त वायू जिच्या वाट्याला येत होता तिचं नाव धोक्याच्या प्रशिक्षणाच्या यादीत नव्हतं. आता बरण्या त्याच जाळीच्या टेबलावर रिकाम्या होतात, थोड्या थोड्या, रोजच्या रोज.

हे रिकामं केलेलं फॉर्मलिन जातं कुठे? २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पिवळ्या गटाखाली वापरून झालेल्या फॉर्मलिनचा नाव घेऊन उल्लेख आहे: ते वेगळं गोळा करायचं आणि प्रक्रिया केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. अवयव पिवळ्या पिशवीत जातात, द्रव वेगळ्या कॅनमध्ये. किती ठिकाणी ते सिंकमध्ये ओतून वर नळ सोडतात, ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे.

सांडण्याची गोष्टही सांगायला हवी. पुरवठादाराचा मुलगा स्कूटरवरून पाच लिटरचा कॅन घेऊन आला, पायऱ्यांवर त्याचा पाय घसरला आणि झाकण निघालं. मूळ, घट्ट फॉर्मलिन. दोन मिनिटांत तळमजल्यावर उभं राहवेना. अशा वेळी प्रत्येक जण आपापल्या सवयीचं करायला धावतो. अक्कानं पोछा आणि ब्लीच उचललं, वॉचमन गरम पाण्याची बादली भरायला निघाला. दोन्ही चूक. गरम पाण्यानं वायू जास्त सुटतो, आणि ब्लीच फॉर्मलिनवर ओतायचं नसतं. आधी माणसं बाहेर, दारं-खिडक्या सताड, मुलाचे बूट-पँट काढून पाय नळाखाली. मग रेस्पिरेटर चढवून एकीनं शोषून घेणारे पॅड आणि सोडियम बायसल्फाइटची पावडर टाकली, जी फॉर्माल्डिहाइडला बांधून ठेवते. डोळ्यांत गेलं असतं तर पंधरा मिनिटं सलग पाणी मारावं लागलं असतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून उभं राहून बघा, किती लांब असतात ते! बहुतेक माणसं दोन मिनिटांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबतात.

आणखी एक गोष्ट आम्ही दारावरच लिहून ठेवली आहे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्याचे तुकडे येतात, हाडाचे नमुने येतात. हाड कापता यावं म्हणून आधी आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढतात. ते आम्ल हायड्रोक्लोरिक असेल तर हाड आधी पाण्यात नीट धुवायचं, फॉर्मलिनसकट त्यात टाकायचं नाही. दोन्ही एकत्र आले की बिस-क्लोरोमिथाइल ईथर तयार होऊ शकतं, आणि ते स्वतःच जबर कर्करोगकारक आहे. पुस्तकात ही ओळ तळटीपेसारखी असते. मला ती पहिल्या पानावर हवी होती.

त्वचेचं दुखणं वेगळं. माझ्या एका सहकारिणीला बोटांच्या सांध्यांवर खाज सुटायला लागली. ती लेटेक्सचे मोजे वापरायची. त्यांतून फॉर्मलिन लवकर झिरपतं, नायट्राइलचे बरे. मोजे बदलले, तरी खाज जाईना. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली आणि मग तिच्या घरचा शाम्पू मागवला. काही शाम्पू-लोशनांत टिकण्यासाठी डीएमडीएम हायडँटॉइनसारखे पदार्थ असतात, ते थोडं थोडं फॉर्माल्डिहाइड सोडत राहतात. एकदा शरीरानं फॉर्माल्डिहाइडशी वैर धरलं की इतकं थोडंही पुरतं. ती आता आमच्याच लॅबमध्ये मायक्रोटोमवर काप काढते, फॉर्मलिनच्या खोलीत जात नाही.

दिवस गेलेल्या मुलींनाही आम्ही त्या खोलीतून बाहेर काढतो. १९९४ साली फिनलंडमध्ये लॅबमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला होता. फॉर्मलिन आणि झायलीनसारख्या द्रावकांशी जास्त संबंध असलेल्यांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसलं. अडचण अशी, की नवी सून पहिल्या तीन महिन्यांत घरीसुद्धा सांगत नाही, ती मला कशी सांगणार? म्हणून मी विचारतच नाही. नव्या मुलींना सुरुवातीलाच सांगून ठेवते, ‘कारण न देता फक्त म्हणायचं, मला एम्बेडिंगला, म्हणजे मेणाचे ब्लॉक करायला टाका.’ पुढे एकही प्रश्न येणार नाही.

२०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या मावशीचा फोन आला. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनानं मडगावच्या घाऊक मासळी बाजारात बाहेरून आलेल्या मासळीची तपासणी केली होती आणि किटवर फॉर्मलिन दिसल्याची बातमी फुटली होती. त्याआधी जूनमध्ये केरळात हजारो किलो मासळी पकडली गेली होती. गोव्यात मग प्रयोगशाळेचं म्हणणं आलं की प्रमाण मर्यादेत आहे, त्यावर लोक आणखी भडकले, आणि १८ जुलैपासून पंधरा दिवस बाहेरची मासळी राज्यात आणायला बंदी आली. ‘तू त्यातच असतेस गो,’ मावशी म्हणाली, ‘सांग, बांगडो हाडूं काय नाका?’

मला तिला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पहिली, मासळीत फॉर्मलिन घालायला आपल्याकडे मुळीच परवानगी नाही, मग ‘मर्यादेत आहे’ म्हणजे काय, हा लोकांचा राग बरोबर होता. दुसरी, काही माशांत फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, मासा मेल्यावर ते तुटतं आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड निघतं. बोंबलात ते बऱ्यापैकी असतं. म्हणून कागदाच्या पट्टीवर रंग आला एवढ्यावरून कुणी फॉर्मलिन ओतलं असं म्हणता येत नाही, किती आहे ते मोजावं लागतं. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच वर्षी घरी वापरता येईल अशी पट्टी आणली होती. ती चाळणी म्हणून चांगली, निकाल म्हणून नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि तो महिना सुक्या मासळीवर काढला. ‘वास घेऊन कळत नाही का?’ हा तिचा शेवटचा प्रश्न होता. कळत नाही. वास येईपर्यंत घातलं तर गिऱ्हाईक घेणार नाही, हे घालणाऱ्यालाही कळतं.

मग हे रसायन सोडून का देत नाही, असं शिकाऊ मुलं विचारतात. पर्याय आहेत. ग्लायऑक्झलवर आधारलेली द्रावणं आहेत, अल्कोहोलची आहेत, आणि वासाला दोन्ही सुसह्य. पण सव्वाशे वर्षांची पुस्तकं, चित्रं आणि निदानाच्या खुणा फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या पेशींवर बेतलेल्या आहेत. दुसऱ्या द्रवात पेशी थोडी वेगळी आक्रसते, रंग थोडा वेगळा घेते. कर्करोगाचा प्रकार ठरवणाऱ्या तपासण्या फॉर्मलिनमधल्या तुकड्यांवर पडताळलेल्या असतात. द्रव बदलला की एकेक तपासणी पुन्हा पडताळायची. मोठ्या संस्थेला ते जमेल. एका घरात चालणाऱ्या लॅबला नाही. आमच्या मॅडमनी पर्यायी द्रवाचा नमुना मागवून पाहिला, लहान बायॉप्सींवर तो चांगला चालला, स्तनाच्या गाठींवर त्यांनी तो वापरला नाही.

त्याऐवजी आम्ही खर्च वेगळीकडे केला. लहान तुकड्यांसाठी आधीच फॉर्मलिन भरलेल्या, घट्ट स्क्रूच्या झाकणाच्या छोट्या बरण्या आता आम्हीच नर्सिंग होमना पाठवतो, फुकट. त्यावर कवटीचं चिन्ह आहे आणि कन्नड, इंग्रजी, हिंदीत ‘हे पाणी नाही’ असं छापलेलं आहे. गर्भाशयासाठी रुंद तोंडाची मोठी बरणी. बरण्या गेल्यापासून घट्ट फॉर्मलिनचा कॅन आमच्याकडे क्वचितच उघडतो, आणि नर्सिंग होममध्ये तो ठेवायची गरजही बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही. रिकाम्या बरण्या मात्र परत येत नाहीत. चौकशी केली तेव्हा एका ठिकाणच्या सिस्टरनी सांगितलं, झाकण फार छान बसतं, म्हणून आया धुऊन घरी नेतात, डाळी ठेवायला. आता पुढच्या छपाईत त्यावर आणखी एक ओळ घालायची आहे.